मदत हवी आहे : नर्सिंग स्टाफसाठी ऑनलाइन एस्केप रूम

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्सिंगचं ट्रेनिंग बघते. आमची दुसरी शाखा खारघरला आहे. १२ मेला परिचारिका दिन. दरवर्षी केक आणि रांगोळी असते. यंदा मेट्रन मॅडम म्हणाल्या, दोन्हीकडच्या सिस्टर्स एकत्र येतील आणि काही शिकतीलही असं बघ. नाईट करून घरी गेलेल्या सिस्टरला परत ट्रान्स-हार्बर लोकलने बोलवायचं हे काही मला पटत नाही. म्हणून ऑनलाइन एस्केप रूम करायचं ठरवलं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी : चार-पाच जणांच्या गटाला एक गोष्ट द्यायची, त्यात कोडी लपवायची, एक कोडं सुटलं की पुढचं कुलूप उघडतं, आणि घड्याळ चालू असतं. आमची गोष्ट एका पेशंटची आहे. मधुमेह असलेले ५८ वर्षांचे गृहस्थ, ऑपरेशनचा दुसरा दिवस. सगळं गूगल फॉर्मवर बांधलं. उत्तर बरोबर असेल तरच पुढचा भाग उघडतो.

मागच्या आठवड्यात झूमवर आठ जणींना घेऊन चाचणी केली. पहिलं कुलूप हँडओव्हरचं (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देणं), ते सहज उघडलं. दुसरं ड्रिपचं : ५०० मिली चार तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा (म्हणजे २० थेंबांचा एक मिली), तर मिनिटाला किती थेंब? उत्तर ४२. एकीने ४१ लिहिलं (४१.६६ येतं, तिचं अगदीच चूक नाही), दुसरीने मराठी कीबोर्डवरून ४२ लिहिलं तर फॉर्म घेईना. पाच मिनिटं त्यातच गेली.

तिसरं कुलूप इन्सुलिनचं. ऑर्डर २० युनिटची, व्हायल (इन्सुलिनची बाटली) ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, पण फोटोतल्या सिरिंजची टोपी नारिंगी, म्हणजे ती १०० ची, एका मिलीत १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठीची. किती खुणेपर्यंत भरणार? उत्तर ५०. आयसीयूच्या एका सीनियर सिस्टरनी स्क्रीन शेअर केली होती. त्यांनी २० लिहिलं, मग ८, मग ५०. कुलूप उघडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकोणीस मिनिटांत खेळ संपला.

दुसऱ्या दिवशी खारघरच्या एका सिस्टरचा फोन आला. नोकरीला लागून सात महिने झालेत तिला. म्हणाली, "मॅडम, मला टोपीचा रंग पहिल्यांदाच दिसला होता. पण त्या एवढ्या सीनियर, मी मध्ये कशी बोलू?"

तेव्हापासून मला चैन नाही. वॉर्डात हेच घडलं असतं तर चुकीचा डोस पेशंटला गेला असता, आणि ज्या मुलीला चूक दिसली ती गप्प उभी राहिली असती. मला टाळ्या नकोत, ही मुलगी बोलायला हवी. चार जणींपैकी एकीलाच सगळं सोडवता येणार नाही असं कोडं कसं बांधायचं? तुमच्यापैकी कुणी ऑफिसमध्ये किंवा कॉलेजात असे खेळ घेतले असतील तर कृपया सांगा. खर्चाला फारसे पैसे नाहीत. बहुतेकींकडे फोनच आहे, लॅपटॉप नाही.

– मोगरा

ऐरोलीकर : ताई, आमच्या आयटी कंपनीत लॉकडाऊनपासून असे खेळ घेतो आहोत. अडचण तीच होती : मॅनेजर सगळं सोडवायचा आणि बाकीचे माइक बंद करून बसायचे. दोन गोष्टींनी फरक पडला. एक, सगळी माहिती एका पडद्यावर ठेवायची नाही. व्हायलच्या लेबलचा फोटो एकीला, सिरिंजचा दुसरीला, ऑर्डर तिसरीला, शुगरचा चार्ट चौथीला, असं खेळ सुरू होताना प्रत्येकीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वेगवेगळं पाठवा. फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, बोलून सांगायचं. दुसरं, फॉर्म भरण्याचं काम सगळ्यात ज्युनियर व्यक्तीकडे. सीनियरला माहीत असलं तरी तिला ते कुणाला तरी समजावून सांगावं लागतं.

थेंबांच्या उत्तरासाठी ४१ ते ४२ अशी मर्यादा ठेवा आणि चुकीच्या उत्तरावर येणाऱ्या संदेशात 'आकडे इंग्रजीत लिहा' असं टाका. झूमचं मोफत खातं ४० मिनिटांनी बंद पडतं, म्हणून चर्चेसाठी दुसरी लिंक आधीच तयार ठेवा.

जाता जाता : खोलीत कोंडून खेळायचा प्रकार २००७ मध्ये जपानात क्योटोला ताकाओ काटो यांनी सुरू केला, पण त्याआधी हा खेळ संगणकावरच होता. त्यामुळे 'ऑनलाइन म्हणजे दुय्यम' असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

नेरुळचा भूलतज्ज्ञ : ऐरोलीकरांशी सहमत. पण माझा आक्षेप तिसऱ्या कोड्यालाच आहे. ५० हे उत्तर गणितात बरोबर असलं तरी वॉर्डात आपल्याला ते नको आहे. तिथे थांबून लाल टोपीची, ४० ची सिरिंज मागवायची असते. कुलूप ५० ने उघडलं तर हिशोब करून चुकीची सिरिंज वापरायची सवय आपणच लावतो. कोडं उलटं करा. इन्सुलिन दिलंय, तरी शुगर उतरत नाही. नारिंगी टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं होतं. प्रत्यक्षात किती गेलं? ०.२ मिली, म्हणजे ८ युनिट. याच्या उलट प्रकार जास्त घातक : १०० ची व्हायल, ४० ची सिरिंज, २० ची खूण, म्हणजे ५० युनिट. तोही खेळात असू द्या.

इन्सुलिनला दोघींनी स्वतंत्रपणे तपासायचा नियम असतोच. तो कुलपातच घाला. दोघींना झूमच्या वेगवेगळ्या ब्रेकआउट रूममध्ये (एकमेकींचं ऐकू येणार नाही अशा खोल्यांत) पाठवा, दोघींची उत्तरं जुळली तरच पुढे.

आणि खेळाइतकाच वेळ नंतरच्या चर्चेला द्या, खरं शिक्षण तिथे होतं. "का बोलली नाहीस?" असं विचारू नका. "टोपीचा रंग कुणाला केव्हा दिसला?" असं विचारा. सीनियर सिस्टरशी आधी एकट्याने बोला, नाहीतर त्यांना आपली चूक चव्हाट्यावर मांडली असं वाटेल.

मोगरा : दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टर, ५० चा मुद्दा माझ्या लक्षात यायलाच हवा होता. आज वाचल्यावर पहिलं काम ते कोडं काढून टाकण्याचं केलं.

सीनियर सिस्टरशी जेवणाच्या सुट्टीत बोलले. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी तिला विचारायला हवं होतं." चर्चेची सुरुवात आपण करतो असं त्यांनीच सुचवलं.

रविवारी दुपारी तीनला पुन्हा चाचणी आहे, दोन गट, फोटो वेगवेगळे. फॉर्म खारघरच्या त्या सिस्टरकडे देणार आहे. तिला फोन करून विचारलं, आधी नको म्हणाली, मग हो म्हणाली. काय झालं ते सोमवारी इथेच लिहिते.