मागच्या काचेवर "आतला मुलगा बोलत नाही" असं लिहून फिरावं का?

मानेवाड्याची आई:
मागच्या महिन्यात नागपुरात वर्धा रोडवर, चिंचभवनच्या अलीकडे, आमच्या कारला मागून ट्रकने धडक दिली. माझं डोकं स्टीअरिंगवर आपटलं, दोन-तीन मिनिटं शुद्ध नव्हती. डोळे उघडले तेव्हा माझा अकरा वर्षांचा मुलगा दुभाजकाजवळ होता आणि चौघांनी त्याचे हातपाय धरले होते. तो ऑटिस्टिक आहे, बोलत नाही. गोंगाट वाढला की कान दाबतो आणि पळतो, अनोळखी हात लागला की चावतो. ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी त्याला गाड्यांखाली जाण्यापासून वाचवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण एकजण सांगत होता, "बाप्पा, डोक्याला मार बसला याच्या, पागल झाला पोरगा." आणि दुसऱ्याने त्याचा जो उजवा हात पिरगाळून धरला होता, तो मनगटात मोडलेला होता. हे आम्हाला तीन तासांनी कळलं, हात सुजल्यावर. दुखतंय हे त्याला सांगता येत नाही.

तेव्हापासून गाडीच्या मागच्या काचेवर मी मोठ्या अक्षरात कागद चिकटवला आहे. माझं म्हणणं आहे की हे एकेकट्या आईने करायचं काम नाही. आरटीओने एक ठरावीक खूण द्यावी. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने २००२ मध्ये 'यलो डॉट' सुरू केलं. मागच्या काचेवर पिवळा ठिपका, आणि आजाराची सगळी माहिती समोरच्या कप्प्यात. ठिपका दिसला की मदतीला आलेला माणूस कप्पा उघडतो. आपल्याकडे का नको?

काटोल रोड, दोन मुलींचा बाप:
ताई, वाचताना पोटात कालवलं. तरी माझं मत नको असंच आहे.

माझ्या धाकटीला सिकलसेल आहे, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात सिकलसेल, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आले. कागदावर ती दिव्यांग आहे. पण विदर्भात सिकलसेल म्हटलं की लोकांच्या डोक्यात काय येतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. लग्नाच्या बोलणीत थोरलीच्या रक्ताची चौकशी आत्तापासून होते, ती सोळा वर्षांची आहे. गाडीवर खूण लावली तर शाळेच्या फाटकापासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत सगळे वाचणार. अपघात आयुष्यात एकदा होईल, नाहीतर होणारही नाही. ती खूण मात्र रोज बोलणार.

आणि तुमच्या कागदाबद्दल स्पष्ट लिहितो, राग मानू नका. "आतला मुलगा बोलत नाही" हे चांगला माणूस वाचतो तसं वाईटही वाचतो. त्याला तुम्ही सांगून राहिलात की हे लेकरू ओरडणार नाही आणि कोणाचं नावही सांगणार नाही.

मानेवाड्याची आई:
राग नाही, भाऊ. हा विचार मी केला नव्हता. पण भीती दोन्हीकडे आहे, आणि माझ्यावर एक येऊन गेली आहे.

सदरचा स्कूटरवाला:
मला जन्मापासून ऐकू येत नाही. माझ्या स्कूटरच्या मागे सहा वर्षांपासून पाटी आहे: "चालकाला ऐकू येत नाही". ती का लावली ते सांगतो. रात्रीची नाकाबंदी होती. शिट्टी वाजली असेल, हाकाही मारल्या असतील. मला काहीच कळलं नाही, मी हळू चालवत पुढे गेलो. पाठीत काठी बसली तेव्हा समजलं. पळून जाणारा समजले. मी हातवारे करून सांगू लागलो तर प्यायलेला समजले.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये बहिऱ्या माणसांसाठी लायसन्सचा रस्ता मोकळा केला. लायसन्स खिशात असतं, शिट्टी वाजवणारा पाठ बघतो. जपानमध्ये २००८ पासून बहिऱ्या चालकांच्या गाडीवर हिरव्या गोलात पिवळं फुलपाखरू असतं, पंख कानांच्या आकाराचे. त्या गाडीला कोणी दाबलं, आडवी गाडी घातली तर त्याला दंड होतो. खूण लावणाऱ्याची लाज नाही, बाकीच्यांवर जबाबदारी. मला तसं हवं आहे.

काटोल रोड, दोन मुलींचा बाप:
दादा, तुम्ही मोठे आहात, पाटी तुम्ही स्वतः लावली. माझी पोरगी नऊ वर्षांची आहे. तिच्या आजाराची पाटी तिच्या वतीने मी लावायची, आणि मोठी झाल्यावर ती म्हणेल, बाबा, मला विचारलं होतं का? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

अजनीचे काका:
मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो, सहीशिक्क्यांत आयुष्य गेलं. काचेवर 'पोलीस', 'प्रेस', 'वकील', 'डॉक्टर' चिकटवून फिरणाऱ्या गाड्या मोजा लॉ कॉलेज चौकात उभं राहून. निम्म्या खोट्या निघतील. ही खूणही पन्नास रुपयांत मिळायला लागेल आणि मग खऱ्या माणसालाही कोणी विचारणार नाही. नसलेली बरी.

मानेवाड्याची आई:
काका, 'प्रेस' लावणाऱ्याला काहीतरी मिळतं, निदान वाटतं तरी की मिळेल. या खुणेला काहीच जोडू नका. टोलमाफी नको, पार्किंग नको, चलानमध्ये सूट नको. आपलं मूल ऑटिस्टिक आहे असं खोटं लावून कोणाला काय मिळणार आहे?

१०८ चा पायलट:
मी रुग्णवाहिका चालवतो. रात्रपाळी करून आलो, आता वाचतो आहे. ताई, एक विचारतो. त्या दिवशी तुमच्या गाडीची मागची काच शिल्लक होती का?

मानेवाड्याची आई:
नव्हती.

१०८ चा पायलट:
तेच सांगून राहिलो. मागून धडक बसली की ती काच आधी जाते. खडीसाखरेसारखे दाणे होतात तिचे, सीटवर, रस्त्यावर, माणसाच्या केसात. गाडी उलटली असेल तं काच खाली, अंधारात काय दिसते. समोरचा कप्पाही चेपलेला असते कधी कधी. आम्ही गाडीभोवती फिरून पाट्या वाचत नाही. माणूस बोलते का, श्वास आहे का, रक्त कुठून चाललं, हे बघतो. हात जातो गळ्याजवळ आणि बेल्टवर, कारण बेल्ट सोडायचा नाही तं कापायचा असते. खूण तिथे पाहिजे. खांद्यापासून खाली, जिथे बेल्ट छातीवर येते.

खुणेचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. हिमोफिलियाच्या पोराच्या डोक्याला मार असेल तं स्कॅनची वाट न पाहता आधी फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं इंजेक्शन, द्यावं लागते. हे दवाखान्यात पोचायच्या आधी कळलं तं फोन करून विचारता येते, तिथे फॅक्टर आहे का. कानात मशीन बसवलेल्या लेकराचं बाहेरचं यंत्र धक्क्यात उडून जाते. मग आपण "बेटा, बेटा" करत राहतो आणि लिहून टाकतो, प्रतिसाद नाही.

आणि एक. तुम्ही सगळे कारचं बोलून राहिले. आम्ही उचलतो ते बरेचसे दुचाकीवाले. त्यांना कुठला बेल्ट? त्यांच्यासाठी मनगटावर पट्टी, नाही तं मोबाईल न उघडता दिसणारी आपत्कालीन माहिती. ते आजच भरता येते, आरटीओची वाट पाहावी लागत नाही.

अजनीचे काका:
हे पटलं. पण बेल्टवरचं वाचायचं हे त्या पहिल्या चार माणसांना कोणी शिकवायचं? रुग्णवाहिका नंतर येते.

१०८ चा पायलट:
खरं आहे काका. त्याला उत्तर नाही. पण बेल्ट सोडायला तेही तिथेच हात घालतात.

सदरचा स्कूटरवाला:
माझी पाटी मी काढत नाही. मला अपघातानंतरची मदत नको, आधी काठी नको.

काटोल रोड, दोन मुलींचा बाप:
बेल्टवर, आत, बाहेरून न दिसणारं असेल तर मी लावतो. पायलट भाऊ, सिकलसेलसाठी काय लिहू?

१०८ चा पायलट:
सिकलसेल, रक्तगट, कोणते डॉक्टर बघतात, तुमचा नंबर. आणि "दुखणं खरं आहे, नाटक समजू नका" हे नक्की लिहा. सिकलसेलचं पोरगं कळवळते तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही.

मानेवाड्याची आई:
मागचा कागद आज सकाळी ओल्या फडक्याने काढला. महालातल्या शिंप्याकडून बेल्टवर बसेल अशी पिवळी खोळ शिवून घेते आहे, वेल्क्रोची. त्यावर काय लिहायचं ते मुलाच्या बाबांनी आणि मी रात्री बसून ठरवलं:

"मी ऑटिस्टिक आहे. बोलत नाही, पण ऐकू येतं. मला धरू नका, समोर खाली बसा. सायरन बंद करता आला तर करा. मोबाईलवर फिरणारा पंखा दाखवा, मी थांबेन. दुखलं तरी मी सांगणार नाही, हातपाय तपासून बघा."

पंख्याचं वाक्य शिंप्याला दोनदा समजावून सांगावं लागलं.