कोयासानला मंदिरात मुक्काम, पण अंगावर टॅटू आहे!

भटकभवानी: मंडळी नोव्हेंबरात जपानला चाललेय, कोयासानला, म्हणजे बौद्ध मंदिरांच्या त्या डोंगरावर, मंदिरातच एक रात्र राहायचंय, पण पाठभर टॅटू आहे आणि तिकडं म्हणे टॅटूवाल्यांना ओन्सेनमध्ये (गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह) घेत नाहीत, खरंय का?

ओसाकाकर: बऱ्याच ठिकाणी खरंय, टॅटू म्हणजे याकुझा, तिकडच्या टोळीतले गुंड, ही जुनी समजूत. कोयासानवर पन्नासेक मंदिरांत राहायची सोय आहे पण बहुतेक ठिकाणी आंघोळीला तापवलेलं साधं पाणीच, खरा ओन्सेन फुकुची-इन मंदिरात. नियम ज्याचा त्याचा, बुकिंगच्या आधी मेल टाकून विचारच.

बंड्या७८: मनसोक्त डुंबायचंय तर किनोसाकी या ओन्सेनच्या गावाला जा, तिथल्या सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो. आणि हो, कपडे घालून उतरायचं नसतं हां, आधी हौदाबाहेर बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग खसाखसा धुवायचं मगच पाण्यात, छोटा टॉवेल डोक्यावर ठेवायचा.

शाकाहारी_सुमा: मंदिरातल्या जेवणाचं टेन्शन घेऊ नकोस, मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणपण नाही, आपल्या चातुर्मासवाल्यांची चंगळ! कोया-दोफू नक्की खा, गोठवून वाळवलेला टोफू असतो, चावला की आतून रस्सा सुटतो. फक्त जेवण संध्याकाळी सहाच्या आसपासच, उशिरा पोचलीस तर उपास.

भटकभवानी: थँक्यू! पाठभर आहे म्हणजे पट्टी लावून झाकणं जमणार नाही, आजच मेल टाकते.