२ हजार राहिले, व्याज १६०० च्या वर, हे कसं काय?

लातूरकर: सोयाबीनचे पैसे अडकले म्हणून क्रेडिट कार्डाच्या ४० हजाराच्या बिलापैकी ३८ हजार मुदतीत भरले, राहिले फक्त २ हजार, तरी पुढच्या बिलात १६०० च्या वर व्याज अन वर जीएसटी. कस्टमर केअरवाले नियमानुसार आहे म्हणायलेत. काहून असं?

नांदेडचा भाऊ: दादा, एक रुपया जरी राहिला तरी बिनव्याजी मुदत जाते, मग खरेदीच्या तारखेपासून पैसे भरल्या दिवसापर्यंत पूर्ण ४० हजारावर व्याज धरतात. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, अन ३५ दिवसांचेच १६११ होतात बघा. पण हे कार्ड देताना कोणीच सांगत नाही, मला तर हा सरळ अन्याय वाटतो.

बीडची ताई: पैसे भरल्यानंतरच्या दिवसांचं व्याज मात्र उरलेल्या २ हजारावरच पाहिजे, रिझर्व्ह बँकेचे निर्देश तेच सांगतात. तारीखवार हिशोब लेखी मागा. ३० दिवसात उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी लागत नाही.

लातूरकर: आजच मेल टाकतो ताई. तोवर हे २ हजारही भरून टाकू का?

बीडची ताई: हो, आधी ते भरा, रोज व्याज चढायलंय.