मदत हवी आहे: ओपनस्ट्रीटमॅपवर नागपूरचे झोन आणि प्रभाग

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेला खुला नकाशा; त्यावर महापालिकेचे १० झोन आणि ३८ प्रभाग चढवायचे आहेत. जिल्हा लेव्हल (हद्दीचा दर्जा सांगणारा आकडा) ५, तालुका ६, महापालिका ८ असं धरलंय. झोनला ९, प्रभागाला १० चालेल का? प्रत्येक झोन बंद आकृती म्हणून काढला, तर लगतच्या झोनशी हद्द दुहेरी होते, कुठे फटी राहतात. आणि नागपूरला लागून असलेलं वाडी हे शहर आत धरायचं की बाहेर?

उत्तर १
९ आणि १० ठीक. बंद आकृत्या मात्र काढूच नका, सगळा घोळ तिथूनच. दोन झोनमधली रेघ एकदाच काढा. तीन हद्दी भेटतात त्या बिंदूवर ती तोडा (जोसम या नकाशा-संपादकात बिंदू निवडून 'पी' दाबा), आणि तोच तुकडा दोन्ही झोनच्या रिलेशनमध्ये (तुकडे जोडून एक हद्द बनवणारी नोंद) 'आउटर', म्हणजे बाहेरची कड, म्हणून घाला. तीच शहराचीही हद्द असेल तर महापालिकेच्या रिलेशनमध्येही तोच तुकडा जाईल. रेघेवर लेव्हल लावायचीच तर सर्वांत लहान आकडा, इथे ८. नाव फक्त रिलेशनवर. एका रेघेत २००० पेक्षा जास्त बिंदू बसत नाहीत. शेवटी रिलेशन एडिटरमध्ये सॉर्ट करा, कडं कुठे उघडं आहे ते दिसेल.

हद्द रस्त्याच्या मधोमध जात असली तरी रस्त्याच्या बिंदूंना चिकटवू नका. उद्या कुणी दुभाजक दाखवायला रस्ता सरकवला की प्रभागही सरकला!

उत्तर २
वाडी बाहेर. तिची स्वतंत्र नगरपरिषद आहे. 'नागपूर शहर' तालुका आणि महापालिका यांची रिलेशनंही वेगळी ठेवा, आकार एकच असेल असं गृहीत धरू नका.

धरमपेठ वस्ती आणि धरमपेठ झोन, लोक इथे हमखास फसतात. वस्ती म्हणजे 'प्लेस सबर्ब' (उपनगर) असा टॅग लावलेला साधा बिंदू. रिलेशनचं नाव पूर्ण 'धरमपेठ झोन' असंच द्या, नाहीतर शोधात दोन्ही सारखेच दिसतात. पिनकोडच्या हद्दी यात आणूच नका, त्या टपाल खात्याच्या.

प्रश्नकर्ता
गुगलवरून प्रभागांच्या रेघा उतरवल्या तर?

उत्तर २
नाही भाऊ, परवाना जुळत नाही, काम पुसलं जाईल. प्रभागरचनेच्या अधिसूचनेत प्रत्येक प्रभागाची उत्तर-पूर्व-दक्षिण-पश्चिम हद्द शब्दांत दिलेली असते. ती वाचून नकाशावर आधीच असलेल्या रस्त्या-नाल्यांच्या आधारे रेघ काढा, आणि अधिसूचनेचा क्रमांक-तारीख 'सोर्स' (स्रोत) या टॅगमध्ये लिहा. निवडणुकीआधी प्रभागरचना बदलू शकते, म्हणून आधी झोन पक्के करा, प्रभाग मागून. रचना बदललीच तर जुनं रिलेशन पुसून नवं करू नका. त्याचेच तुकडे बदला, म्हणजे इतिहास शाबूत राहतो.