वृक्षारोपणानंतर स्वयंसेवक गळतात; वर्षभर पेलेल असे काम कोणते?

प्रश्न:
आमच्या वस्तीत पर्यावरणासाठी काम करणारा पंचवीस-तीस जणांचा गट आहे. वृक्षारोपणाच्या दिवशी सगळे हजर असतात. मात्र दोन महिन्यांनी रोपांना पाणी घालायला तिघे-चौघेच उरतात आणि निम्म्याहून अधिक रोपे वाळून जातात. सलग तीन वर्षे हेच पाहिल्यावर मन खट्टू होते. हवामानबदल रोखण्यास खरोखर हातभार लावेल आणि मोजक्या माणसांनाही निभावेल, असे काम कोणते?

उत्तर १:
यापुढे लावलेल्या रोपांची नव्हे, तर जगलेल्या रोपांची नोंद ठेवा. केनियात वांगारी मथाई यांनी १९७७ साली सुरू केलेल्या ग्रीन बेल्ट चळवळीत रोपे वाढवणाऱ्या स्त्रियांना अल्पसे मानधन मिळे, तेही जगलेल्या रोपांमागे. त्या चळवळीतून पुढे कोट्यवधी झाडे उभी राहिली. तुम्ही मानधन देऊ शकणार नाही, हे समजते. परंतु पाचशे रोपांऐवजी चाळीसच लावून प्रत्येकाचे पालकत्व एकेका घराकडे दोन-तीन वर्षांसाठी सोपवता येईल.

उत्तर २:
झाडे हवीतच, पण मोजकी माणसे असतील तर मी आधी ओल्या कचऱ्याकडे वळेन. कचराभूमीत ढिगाखाली दडपलेले अन्न हवेशिवाय कुजते आणि त्यातून मिथेन बाहेर पडतो. वीस वर्षांच्या कालावधीत हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. मात्र वातावरणात तो साधारण १२ वर्षेच टिकत असल्याने त्याचे उत्सर्जन घटवल्याचा परिणाम तुलनेने लवकर जाणवतो. तोच कचरा हवा खेळती ठेवून कुजवला, तर मिथेन फारच कमी तयार होतो आणि हाती खत येते.

असे उपक्रम बहुधा दुर्गंधीच्या तक्रारींमुळे बंद पडतात, म्हणून सुरुवातीपासून वाळलेल्या पानांचा साठा करून ठेवा. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर पानांचा जाड थर द्यावा आणि आठवड्यातून एकदा ढीग खालीवर करावा. मूठभर मिश्रण दाबल्यावर पाण्याची धार लागली तर ते फार ओले आहे, असे समजून आणखी पाने मिसळावीत. ढीग आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापला, की कुजण्याची क्रिया नीट चालू आहे असे समजावे. शिवाय, आज जाळली जाणारी पाने यात कामी येतात आणि धूरही टळतो.

प्रश्नकर्ता:
पानांचा उपयोग लक्षात आला. परंतु वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होतो, अशी लोकांची तक्रार आहे. त्यांना काय सांगावे?

उत्तर २:
त्यांची तक्रार रास्त आहे, तिच्यावर वाद घालू नका. म्हणूनच ओला कचरा गाडीपर्यंत जाऊच न देता वस्तीतच जिरवायचा. पहिल्या महिन्यात दहाच घरे घ्या, रोज वजन करून आकडा फलकावर लिहा आणि तयार झालेले पहिले खत त्याच दहा घरांना द्या. उरलेले खत तुमच्या त्या चाळीस रोपांना घाला.