रस्ता खोदला, कोल्ड रूम बंद पडली, कुक गेला. आता कर्ज काढू की शटर ओढू?

आमचं २८ खुर्च्यांचं हॉटेल आहे. मी आणि धाकटा भाऊ मिळून सहा वर्षं चालवतोय. मालक आम्हीच, गल्ल्यावर आम्हीच, आणि पोरगा आला नाही की भांड्यांनाही आम्हीच.

चार महिन्यांपूर्वी दारासमोरचा रस्ता खोदला. तीन आठवड्यांचं काम म्हणाले होते. खंदक अजून तसाच, वर एक फळी टाकून दिली आहे. आमचं एक जुनं, वयस्कर गिऱ्हाईक रोज फळीपर्यंत येतं, काचेतून मला हात करतं आणि मागे फिरतं. विक्री किती पडली हे मी वहीत बघते, पण पोटात कालवतं ते त्या हात करण्यानं.

पुढच्याच महिन्यात शनिवारी रात्री कोल्ड रूम बंद पडली. रविवारी सकाळी उघडली तर आत १७ डिग्री. भाऊ एकेक डबा हुंगत म्हणाला, "वास तर येत नाहीये." मोठं भांडण झालं. शेवटी मी सगळा माल फेकला. मग मुख्य कुक गेला, जाताना एका हेल्परलाही घेऊन गेला. त्याला तरी काय बोलणार? पगार आठ दिवस उशिरा दिला होता.

विक्री आता आधीच्या निम्म्याहून जरा वर आहे. भावाचं म्हणणं, कर्ज काढू, डिलिव्हरी ॲपवर २० टक्के सूट लावू, ऑर्डरी येतील. माझं मन घेत नाही, पण का ते त्याला धड सांगता येत नाही. यातून कुणी गेलंय का?

उत्तर १
मी कोल्ड रूम दुरुस्त करतो, तेवढ्यापुरतंच बोलतो. माल फेकलात ते शंभर टक्के बरोबर. ५ ते ६० डिग्रीच्या मध्ये जंतू भराभर वाढतात, आणि माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंना वास असतोच असं नाही. भावाला सांगा, नाक म्हणजे थर्मामीटर नव्हे.

आता मला सांगा, कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, शेवटचा कधी साफ केला होता? निम्म्या ठिकाणी मला तिथे तेलकट धुळीची गोधडी सापडते. उष्णता बाहेर जायला वाट नाही, म्हणून कॉम्प्रेसर दिवसरात्र धापा टाकतो आणि एक दिवस बसतो. दाराचं रबरही बघा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. ओढल्यावर सहज निघाली तर रबर गेलं. आणि तापमान चढलं की फोनवर ओरडणारा अलार्म बसवा, एका वेळच्या मालापेक्षा स्वस्त पडतो. नुसती वीज गेली असेल तर दार उघडून बघत बसू नका. बंद फ्रीज साधारण ४ तास धरतो, गच्च भरलेला डीप फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४.

उत्तर २
ताई, तुमचं मन का घेत नाही ते आकड्यांत सांगते. मी हॉटेलांचे हिशेब लिहिते.

१०० ची थाळी धरा. कच्चा माल ३५, उरले ६५. भाडं, पगार, वीज सगळं या ६५ तून जातं. २० टक्के सूट दिलीत की हातात ८०, माल तेवढाच ३५, उरले ४५. म्हणजे आज जेवढे उरतात तेवढेच उरायला सुमारे ४४ टक्के जास्त थाळ्या विकायला हव्यात. आता ॲपचं कमिशन २५ टक्के धरा. ८० वर २० गेले, उरले २५. डब्याचे ५ काढा, उरले २०. ६५ चे २०! किचनमध्ये घामाघूम गर्दी, आणि महिनाअखेरीला भाड्याला पैसे नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

उत्तर ३
वरच्या ताईंचा हिशेब बरोबर, पण ॲप म्हणजे विषच असं नाही. कमिशन धरून भाव लावा, सूट देऊ नका, आणि टेबलं रिकामी असतात त्याच वेळेत चालू ठेवा. त्या वेळी कुक तसाही पगारावर बसलेला असतो.

मूळ प्रश्नकर्ती
कंडेन्सर बघितला. लाज वाटते लिहायला. बोटाएवढा जाड थर निघाला, सहा वर्षांचा. ४४ टक्क्यांचा हिशेब भावाला दाखवला, त्यानं दोनदा स्वतः करून बघितला आणि गप्प झाला. कर्जाचं मात्र अजून त्याच्या डोक्यात आहे.

उत्तर ४
मी माझं बंद केलं, म्हणून लिहितो. कर्ज यंत्रासाठी काढा, पगारासाठी काढू नका. मी पगार आणि भाडं कर्जातून भागवलं. हॉटेल गेलं, हप्ते राहिले.

एका वहीत पुढच्या १३ आठवड्यांची पानं आखा. कुठल्या आठवड्यात काय येणार, काय जाणार. खड्डा कुठे आहे ते आधी दिसतं. मग तारीख चुकायच्या आत जागामालकाकडे आणि माल देणाऱ्यांकडे स्वतः जा. चुकल्यानंतर गेलो की आपण तोंड लपवणारे ठरतो. मी तेच केलं. आणि खात्यात किती उरले की थांबायचं, तो आकडा आजच दोघांनी लिहून ठेवा. निदान पोरांचे पगार चुकते करून कुलूप लावता येईल. मला आलं नाही. त्यातला एक मुलगा अजून रस्त्यात भेटतो, मीच नजर चुकवतो.

मूळ प्रश्नकर्ती
दीड महिन्यानं लिहितेय. मेनूत ६४ पदार्थ होते, २३ ठेवले. एका कुकवर भागतंय, फेकाफेकही कमी झाली. सोमवार बंद. जागामालकानं तीन महिने अर्धं भाडं घ्यायचं कबूल केलं, उरलेलं पुढे फेडायचं. कर्ज घेतलं, पण फक्त कॉम्प्रेसरपुरतं. थांबायचा आकडा लिहून गल्ल्यात ठेवलाय. अजून त्याच्या वर आहोत, फार वर नाही.

खंदक आहेच. भावानं कोल्ड रूमच्या मोडक्या रॅकचे पाइप लावून फळीला कठडा केला. परवा ते आजोबा कठडा धरून आत आले, त्यांच्या खुर्चीवर बसले, मेनू उलटासुलटा करून बघितला आणि माझ्यावर डाफरले, "माझा नेहमीचा पदार्थ काढलात होय?"