बीबीए म्हणजे तीन वर्षं पाण्यात?

डिस्पॅचवाला: कालच्या धाग्यात 'रोखठोक' यांनी मॅनेजमेंटच्या पदव्यांवर ठोकून दिलं: "बीबीए-बीएमएस करून फक्त क्रेडिट कार्डं विकता येतात, एमबीए नसेल तर कुत्रं विचारत नाही." दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी नुसता बीबीए. चाकणला पार्ट बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅच बघतो. रात्री गाडी भरून गेटवर उभी, ई-वे बिलात, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात, गाडीचा नंबर चुकलेला, तो नंबर असलेला पार्ट-बी दुरुस्त होईपर्यंत ड्रायव्हर हलत नाही आणि तिकडून ग्राहकाचा फोन, "प्रॉडक्शन लाइन थांबेल." बिलाला 200 किलोमीटरला एक दिवस मुदत, वाटेत गाडी बंद पडली की ती वाढवायची धावपळ वेगळी. हे सांभाळणारा माणूस लागतोच. स्टोअर, पर्चेस, प्लॅनिंग, सगळीकडे लागतो. सॅप हे कंपनीचं सॉफ्टवेअर आणि जीएसटी कळत असेल तर पदवीपुढे एमबीए आहे का, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. पोरांनाच पहिल्या दिवसापासून एसी केबिन हवी असते.

रोखठोक: छान. म्हणजे तीन वर्षं फिलिप कोटलरची मार्केटिंगची पुस्तकं वाचून शेवटी गाडीचे नंबर तपासायचे! हे काम बीकॉमवालाही करतो, निम्म्या फीत.

पालक_डोंबिवली: फीचं निघालंच आहे म्हणून. 2024 पासून बीबीए-बीएमएस एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेकडे गेलं आणि प्रवेशाला सीईटी परीक्षा आली. लगेच काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून तोच माल बीकॉमच्या फळीवर मांडला. मुलगी बारावीला आहे, फॉर्म नेमका कशाचा भरायचा?

कोल्हापुरी_ठसका: रोखठोक, क्रेडिट कार्ड विकणं एवढं हलकं का वाटतं तुम्हाला? मी एका खाजगी बँकेत सेल्सला होतो. भर उन्हात दुकानं पालथी घातली, महिनाअखेरीस टार्गेटसाठी साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. आज स्वतःची एजन्सी आहे. मराठी माणसाला विकायची लाज, म्हणून धंदा दुसऱ्यांच्या हातात.

सिंहगड_रोड: झालं सुरू मराठी माणसाचं रडगाणं! लाज कसली, लग्नाच्या बाजारात बघा. माझा भाऊ फिल्डवर आहे, स्थळं "सेल्स? मग राहू द्या" म्हणून परत जातात. आणि त्याच मुलींचे वडील इन्शुरन्स एजंट!

कोल्हापुरी_ठसका: दोष नोकरीचा नाही, भावाचा असेल. माझं लग्न सेल्समध्ये असतानाच झालं.

सिंहगड_रोड: घरच्यांवर घसरू नका. लायकी काढायला मलाही येते.

निवांत_मावशी: अरे, वधूवर सूचक मंडळ आहे का हे? माझी भाची बीएमएस. कॅम्पसला 'मॅनेजमेंट ट्रेनी' म्हणून घेतलं आणि ठाण्यात घरोघरी पत्रकं वाटायला लावली. सोडून बँक पीओच्या, म्हणजे बँक अधिकाऱ्याच्या परीक्षेच्या तयारीला बसली, तिथे कुठलीही पदवी चालते. लागली. मग बीएमएसच्या फीचं काय, हे मात्र कुणी विचारू नये.

रोखठोक: मावशी, हेच तर म्हणतोय! नोकरी पीओच्या परीक्षेने दिली, बीएमएसने नाही.

डिस्पॅचवाला: मग एमबीए तरी कुठे देतं? जमनालाल बजाज, सिडनहॅम अशी नावाजलेली कॉलेजं सोडा. गल्लीतल्या कॉलेजातून लाखो भरून आलेला एमबीए माझ्याच शेजारी बसतो, माझ्याच पगारात. एक मात्र मान्य, वर चढताना त्याला बरं पडेल. प्लांट हेडच्या जागेसाठी एचआरला ती तीन अक्षरं लागतात.

रोखठोक: आलात ना रुळावर! आता कालची माझी ओळ परत वाचा.

डिस्पॅचवाला: वाचली. कुत्रं विचारतं. प्रमोशनला विचारत नाही. खूश?

पालक_डोंबिवली: लग्नं लागली असतील तर माझ्या फॉर्मचं बघा कुणीतरी.

निवांत_मावशी: दोन्ही भरा. पण ज्या कॉलेजात जाल तिथे प्लेसमेंटचं चकचकीत पत्रक बघू नका, मागच्या वर्षीच्या चार पोरांना गाठून नेमकं काम काय करता ते विचारा.

सिंहगड_रोड: आणि त्यातला कुणी सेल्समध्ये असेल तर लग्न झालंय का, तेही.